देवराईच्या पाचोळ्यातल्या मुंग्या : प्रकल्प नोंदी

जागा : मुळशी खोऱ्यातली एक देवराई आणि तिला लागून असलेला चराऊ माळ. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.
काम : दोन्हीकडच्या मुंग्या गोळा करायच्या, ओळखायच्या आणि रायीतल्या पाचोळ्यात राहणाऱ्या कोणत्या मुंग्या माळावर टिकत नाहीत ते पाहायचं.

२१ सप्टेंबर २०२४

देवळाच्या ओट्यावर गावकऱ्यांची बैठक झाली. ही राई अभयारण्यात येत नाही, गावाच्या सांभाळातली आहे. त्यामुळे ग्रामपंचायतीचं लेखी पत्र पुरे होतं आणि ते लगेच मिळालं. खरी बोलणी गुरवबाबांशी झाली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुंग्या न्या, त्याला ना न्हाई. पर रायीतलं पान भायेर जायाचं न्हाई. वाळकं बी न्हाई."

आमची अडचण नेमकी तिथेच होती. जंगलातल्या निम्म्याहून जास्त मुंग्या डोळ्यांना दिसतच नाहीत. त्या पाचोळ्यात, कुजक्या काटकीच्या आत, मातीच्या वरच्या थरात असतात. त्या मिळवायच्या तर चौरस मीटरभर पाचोळा उचलून चाळावा लागतो आणि दोन दिवस पिशवीत टांगून ठेवावा लागतो. सगळीकडे तो प्रयोगशाळेत नाहीतर मुक्कामाच्या ठिकाणी नेतात.

मॅडमनी विचारलं, "बाबा, पाचोळा इथंच चाळला, देवळाच्या मांडवात टांगला आणि दोन दिवसांनी जिथला तिथं परत पसरला तर?" बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग चालंल. पर रायीत पायात वहाणा नगं."

मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं, "मारायच्या कशाला पण? बगून सोडून द्या." प्रश्न रास्त आहे, त्याला उडवून लावता येणार नाही. दोन मिलिमीटरची मुंगी जिवंतपणी ओळखता येत नाही. तिच्या मिशांचे पेर मोजावे लागतात, कंबरेच्या गाठी बघाव्या लागतात. आम्ही घेणार त्या कामकरी मुंग्या. राणी आणि घर जागेवर राहिलं तर वसाहत चालू राहते. म्हणून आजींसमोरच ठरवलं की रायीत एकही मुंग्यांचं घर खणायचं नाही. आणि जी मुंगी मारू ती कुठली, कधीची, कशात सापडली हे लिहिल्याशिवाय राहायचं नाही. नोंद नसलेली मेलेली मुंगी कुणाच्याच कामाची नसते.

३० सप्टेंबर

नवरात्रात रायीत काम करायचं नाही असं गावाने सांगितलं होतं. त्याचा फायदाच करून घेतला. खड्डे-सापळ्यांचे पेले, म्हणजे चालणारी मुंगी आत पडावी म्हणून जमिनीत पुरायचे पेले, आजच पुरून झाकणं लावून आलो. जमीन नुकती खणलेली असली की पहिले काही दिवस मुंग्या तिथे जास्त फिरतात. माती उकरल्याने त्यांची घरं, वाटा विस्कटतात, नवीन वास सुटतो, आणि सापळ्यात येणारा आकडा फुगतो. पेला पुरून मधे काही दिवस जाऊ दिले की हा परिणाम बसतो.

पेले एकात एक असे दोन. बाहेरचा मातीतच राहतो, आतला उचलायचा. कड जमिनीशी अगदी समतल हवी. केसभर वर राहिली तरी लहान मुंगी कडेला वळसा घालून निघून जाते. खुरप्याने खणून, हाताने माती दाबून, बोट फिरवून प्रत्येक कड तपासली.

पाचोळ्यातल्या मुंग्यांसाठी २००० साली एक प्रमाणित पद्धत छापली गेली आणि आता जगभर तीच वापरतात : २०० मीटरची सरळ रेघ, दर १० मीटरवर एक बिंदू, असे २० बिंदू, प्रत्येक बिंदूला एक खड्डा-सापळा आणि एक चौरस मीटर पाचोळा, दोन्हींना ४८ तास. सगळ्यांनी एकच पद्धत वापरली तरच ब्राझीलमधलं जंगल आणि आपली राई शेजारी ठेवून बघता येतात. राई लहान असल्याने २०० मीटरची एक रेघ बसत नाही. शंभर-शंभर मीटरच्या दोन समांतर रेघा घेतल्या, मधे अंतर ठेवून. माळावरही तशाच दोन, म्हणजे तुलना समान राहील.

१४ ऑक्टोबर

दसरा झाला. सकाळी झाकणं काढून सापळे सुरू केले. पेल्यात मिठाचं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. साबणाने पाण्याचा वरचा ताण मोडतो, नाहीतर हलकी मुंगी पाण्यावर तरंगत कडेला पोचते. जास्त दिवसांच्या सापळ्यांत प्रोपिलिन ग्लायकॉल घालतात, पण ४८ तासांसाठी मीठ पुरतं. पावसासाठी वर एक ताटली, तीन खड्यांवर टेकवून.

राईत हिरडा, जांभूळ, अंजनी, आंबा. गारंबीचा एक वेल इतका जाड की दोन हातांत मावत नाही. पाचोळा बोटं पूर्ण बुडतील एवढा. अनवाणी चालताना वरचा थर कोरडा आणि खालचा गार, ओलसर लागतो. हा ओलसर थरच आमचं खरं क्षेत्र.

१५ ऑक्टोबर

हातवेचणी. सापळा फक्त जमिनीवर चालणाऱ्यांना पकडतो. झाडावरच्या, काटकीतल्या मुंग्या माणसानेच शोधायच्या. हत्यारं साधी : बारीक कुंचला, मऊ चिमटा, चूषक (तोंडाने ओढून मुंगी कुपीत घ्यायची नळी), पांढरी छत्री. कुंचल्याचं टोक इथेनॉलमध्ये बुडवून मुंगीला लावलं की ती चिकटते, मग कुपीत झटकायची. चिमट्याने लहान मुंगी चिरडते. चूषकाच्या नळीला आतून बारीक जाळी असते, तरी फॉर्मिक आम्ल फवारणाऱ्या मुंग्या त्यात जास्त घेतल्या तर घसा जळतो, म्हणून त्या कुंचल्यानेच.

हिरड्याच्या फांदीवर क्रेमॅटोगॅस्टर वंशातल्या मुंग्यांचं घर आहे. लाकडाचा चघळलेला भुसा आणि माती यांचे पापुद्रे एकावर एक, कौलं शाकारल्यासारखे, म्हणजे पाऊस बाहेरच्या बाहेर ओघळतो. फांदीला नुसतं बोट लावलं तर कामकरी बाहेर आल्या आणि पोटाचं टोक उचलून पाठीवरून पुढे आणलं. त्यांचं पोट वरून पाहिलं तर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं. नांगी टोचायची नाही, टोकाला चपटी. विष पुसल्यासारखं लावतात. घराला एक जुनं गोल भोक आहे. तांबूस सुतार पक्षी या मुंग्यांच्या नांदत्या घरातच आपलं घरटं कोरतो आणि पिल्लं वाढवतो. भोक त्याचंच असावं. पक्षी दिसला नाही.

जांभळाच्या मुळाशी डायकॅमा मुंग्यांच्या घराचं दार. दाराभोवती बारकी पिसं, वाळक्या पानांचे तुकडे आणि मेलेल्या मुंग्यांची कवचं लावलेली. हा कचरा नव्हे. भारतातल्याच डायकॅमावर १९८५ मध्ये झालेल्या निरीक्षणांत दिसलं की कोरड्या दिवसांत या पिसांवर पहाटे दव धरतं आणि कामकरी येऊन ते थेंब गोळा करून आत नेतात. डायकॅमात वेगळ्या अंगाची राणी नसतेच. छातीवर दोन इवल्या कळ्यांसारखे अवयव असतात. ते जिचे शाबूत राहतात ती अंडी घालते, बाकीच्यांचे तोडले जातात. घर बदलायची वेळ आली की या एकमेकींना जोडीने नेतात : पुढची वाट माहीत असलेली, मागची तिच्या पोटाला मिशा टेकवत. आज अशी एक जोडी दिसली. मधे मी काडी आडवी धरली, मागचीचा स्पर्श तुटला, आणि पुढची जागच्या जागी थांबली. मागची परत येऊन टेकली तेव्हाच ती निघाली. घड्याळ बघायचं मला सुचलं नाही, इतकं ते बघण्यासारखं होतं.

छत्री उलटी धरून अंजनीची फांदी झटकली. पडलेल्यांत एक मुंगी मिशा हलवत पळाली आणि छत्रीच्या कडेवरून रेशमी धागा सोडून खाली उतरली. तो कोळी होता. मुंगीची नक्कल करणारा उडी कोळी पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरतो. त्याला सोडून दिलं.

संध्याकाळी जोराची सर. पाचोळा पूर्ण भिजला. विंकलरचं, म्हणजे चाळलेला पाचोळा पिशवीत टांगून मुंग्या काढायचं, काम पुढे ढकललं : ओला पाचोळा चाळणीला लिबलिबून चिकटतो आणि लहान मुंग्या त्यातच अडकतात.

१६ ऑक्टोबर

राईतले सापळे उचलले. आतला पेला काढायचा, गाळणीत ओतायचा, कुपीत भरायचा, लेबल आत टाकायचं. सगळे पेले नीट निघाले. मुंग्यांबरोबर भुंगेरे, कोळी, उड्या मारणारे बारीक स्प्रिंगटेल, गोमेचं एक पिल्लू. हे सगळं वेगळ्या बाटलीत राखून ठेवतो. मुंग्यांसाठी मेलेला भुंगेरा दुसऱ्या कुणाच्या तरी अभ्यासाचा असतो.

लेबल नेहमी पेन्सिलीने आणि कुपीच्या आत. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि बाहेरून चिकटवलेला कागद कधीतरी सुटतोच. लेबलवर अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पद्धत, बिंदूचा क्रमांक, गोळा करणाऱ्याचं नाव.

१७ ऑक्टोबर

माळ. इथले सापळे आज उघडले, परवा उचलायचे. उन्हं चढल्यावर जमीन तापते आणि दुपारी सगळं सामसूम. काम सकाळी आणि चारनंतर.

पुठ्ठ्याच्या लहान चौकोनांवर एकीकडे गूळ, एकीकडे कुटलेली सुकट ठेवून बसलो. इतर देशांत यासाठी डब्यातली टूना वापरतात. सुकटीचा वास लांब जातो आणि ती इथल्या कुठल्याही बाजारात मिळते. गुळावर पहिल्यांदा बारीक मोनोमोरियम मुंग्या आल्या, एक-दोन करत. मग सुकटीवर फायडोले. बघता बघता त्यांची रांग लागली आणि मोठ्या डोक्याच्या सैनिक मुंग्या येऊन बसल्यावर मोनोमोरियम बाजूला झाल्या. अन्न कुणाला आधी सापडतं आणि शेवटी कुणाच्या ताब्यात राहतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लवकर शोधणाऱ्या मुंग्यांना ते राखता येतंच असं नाही. सापळ्यातल्या मेलेल्या मुंगीकडून हे कधीच कळत नाही, म्हणून आमिषापाशी बसून दर काही मिनिटांनी नोंद करायची.

बांधाजवळ बी गोळा करणाऱ्या मुंग्यांचं घर. दाराभोवती गवताच्या टरफलांचं वर्तुळ, आणि उन्हात पसरलेलं ओलं बी. परवाच्या पावसात कोठारात पाणी गेलं असणार. हे दृश्य मी पुस्तकात वाचलं होतं आणि तेही पुण्याचंच. मुंबई फौजेतले लेफ्टनंट कर्नल साइक्स यांनी पुण्यात पावसाळा सरताना मैदानावर गवताच्या बियांच्या लहान लहान ढिगाऱ्या पाहिल्या, आणि त्या मुंग्यांनी वाळवायला बाहेर काढल्या आहेत हे नोंदवलं. १८३५ मध्ये त्यांनी या मुंगीचं वर्णन छापलं. जातीला नाव दिलं प्रॉव्हिडेन्स, पुढची तरतूद करणारी. आज ती फायडोले या वंशात मोडते. मुंग्या बी साठवतात ही गोष्ट युरोपातल्या कित्येकांना तेव्हा खोटी वाटायची, कारण त्यांच्याकडच्या थंड प्रदेशात तशा मुंग्या नव्हत्या. पुण्याच्या मैदानावरची ती नोंद त्या वादात पुराव्यादाखल वापरली गेली. मी आज पाहिलेल्या मुंग्या त्याच जातीच्या आहेत की नाहीत ते सूक्ष्मदर्शकाखालीच ठरेल. पण ऑक्टोबर तोच आणि काम तेच.

२० ऑक्टोबर

पाचोळा हाताला कोरडा लागला. विंकलर सुरू.

बांबूची चौकट, आतून एक मीटर बाय एक मीटर. ती जमिनीवर टाकली की दोघांनी लगेच आतला पाचोळा, कुजक्या काटक्या, वरची सैल माती भराभर चाळणीत ओढायची. उशीर केला तर चपळ मुंग्या बाहेर पळतात. चाळणी म्हणजे कापडाची लांब पिशवी, मधे सेंटिमीटरभर भोकांची जाळी. दोन मूठींनी धरून जोरात हलवायची. मोठी पानं वर राहतात, भुगा आणि जीव खाली पडतात. काटक्या हाताने मोडून बघायच्या. कित्येक वसाहती एका बोटाएवढ्या काटकीत पूर्ण मावतात, राणीसकट. अशी काटकी निघाली की आजींना दिलेल्या शब्दाप्रमाणे दोन-चार कामकरी घ्यायच्या आणि काटकी होती तिथे ठेवायची.

वर राहिलेली पानं लगेच चौकटीत परत. भुगा कापडी पिशवीत घालून, आतल्या जाळीच्या खिशांत भरून देवळाच्या मांडवातल्या वाशांना टांगला. पिशवी खाली निमुळती होत जाते आणि टोकाला इथेनॉलची बाटली. दिवा नाही, वीज नाही. भुगा हळूहळू सुकतो, मुंग्या ओल शोधत अस्वस्थ होऊन फिरू लागतात, जाळीबाहेर येतात आणि बाटलीत पडतात. दिव्याच्या उष्णतेने किडे खाली हाकलणारी फनेलही असतात. पण एका रांगेत वीस नमुने आणि तेही डोंगरात, अशा वेळी हीच पिशवी उपयोगी. सगळा मांडव पांढऱ्या पिशव्यांनी भरला. दर्शनाला आलेल्या बायका वाकून खालून गेल्या, कुणी हात लावला नाही. गुरवबाबांनी संध्याकाळची आरती नेहमीसारखी केली, फक्त धूप बाहेर ओट्यावर ठेवला, "धुराने तुमच्या मुंग्या दुसरीकडं पळतील" म्हणून. सांगायची वेळ आमच्यावर आलीच नाही.

२२ ऑक्टोबर

बाटल्या काढल्या. प्रत्येक पिशवीतला भुगा ज्याच्या त्याच्या बिंदूवर नेऊन पसरला. बाबा दोन्ही रेघांवर बरोबर चालले आणि प्रत्येक ठिकाणी हाताने पानं सारखी केली.

माळावर पाचोळाच नाही. चौकटीत गवताची मुळं आणि खडे. तिथे विंकलर लावून "माळावर काही सापडलं नाही" असं लिहिणं अन्यायाचं होईल. म्हणून सापळ्याची तुलना सापळ्याशी आणि हातवेचणीची हातवेचणीशी. विंकलरचे नमुने फक्त राईबद्दल बोलतील.

२९ ऑक्टोबर

प्रयोगशाळेत वर्गवारी. पेट्री डिशमध्ये इथेनॉल, खाली पांढरा कागद, सुईने एकेक मुंगी बाजूला. जी एकसारखी दिसते ती एका ढिगाऱ्यात. ढिगाऱ्यांना आधी नाव नाही, क्रमांक : फायडोले १, फायडोले २, टेट्रामोरियम १. सावध राहायचं ते एकाच वसाहतीतल्या वेगवेगळ्या आकारांबद्दल. फायडोलेची सैनिक मुंगी आणि तिची साधी बहीण शेजारी ठेवल्या तर नवख्याला दोन जाती वाटतील.

डीएनएसाठी काही मुंग्या ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळ्या, शीतकपाटात. बाकीच्या ७० टक्क्यांत.

७ नोव्हेंबर

माउंटिंग. मला या कामात सगळ्यात जास्त समाधान मिळतं. जाड कागदाचा बारीक त्रिकोण, रुंद बाजूने कीटकसुई आरपार. त्रिकोणाच्या टोकावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा ठिपका, सुईच्या अग्रावर मावेल एवढा. मुंगी पालथी घालून मधल्या आणि मागच्या पायांच्या खुब्यांमध्ये हे टोक टेकवायचं. पाय कंबरेवर आडवे येता कामा नयेत, कारण ओळख पटते ती कंबरेवरून. डिंक जास्त झाला तर छातीखालचे काटे बुडतात. तो वाळायच्या आत डोकं समोर आणि मिशा दोन्ही बाजूंना येतील असं सुईने सरळ करायचं. सुईवर खाली पुन्हा लेबल, तेवढ्याच तपशिलाचं. एका घरातल्या दोन-तीन मुंग्या एकाच सुईवर, म्हणजे लहानमोठ्या बहिणी एकत्र राहतात.

१४ नोव्हेंबर

राईच्या विंकलरमधून स्ट्रुमिजेनिस निघाली.

अडीच मिलिमीटर. साध्या डोळ्यांना मातीचा कण. सूक्ष्मदर्शकाखाली डोकं पत्त्यांतल्या बदामासारखं, वरून खाचलेलं, पुढे लांब सरळ जबडे आणि टोकाला दोन दात. कंबरेच्या गाठींवर पांढरट, सच्छिद्र गोळे, स्पंजासारखे. मिशांना सहाच पेर. साधारण मुंगीला बारा असतात. ही स्प्रिंगटेलांची शिकारीण. जबडे फाकवून हळूहळू सरकत जाते आणि जबड्यामधले केस भक्ष्याला टेकले की ते मिटतात. स्प्रिंगटेलाला पोटाखालच्या दांडीने उडी मारता येते, तिच्या आधी हे व्हावं लागतं.

स्प्रिंगटेल ओलसर कुजत्या पानांत बुरशी खाऊन जगतात. पानं नाहीत तर बुरशी नाही, बुरशी नाही तर स्प्रिंगटेल नाहीत, आणि मग या मुंगीला तिथे काहीच नाही. झाडं शाबूत ठेवून खालचा पाचोळा रोज झाडून काढला तरी ती जाईल आणि वरून बघणाऱ्याला राई होती तशीच दिसेल. या प्रकल्पातून एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन.

तिच्याच बरोबर हायपोपोनेरा : बारीक, फिकट, डोळे जवळजवळ नाहीत, कंबरेला एकच गाठ. तीही माळाच्या कुठल्याच बाटलीत नाही.

२८ नोव्हेंबर

नावं लावणं. पहिला प्रश्न कंबरेच्या गाठी एक की दोन. दोन असल्या तर बहुधा मिर्मिसिनी. एक असली तर पोटाच्या टोकाला केसांचं वलय असलेलं गोल भोक आहे का? असलं तर आम्ल फवारणारं फॉर्मिसिनी उपकुळ. मग मिशांचे पेर, मिशीच्या टोकाच्या गदेचे पेर, छातीवरचे काटे. मग मोजमापं : डोक्याची रुंदी, लांबी, मिशीच्या पहिल्या लांब पेराची लांबी, छातीची तिरकी लांबी. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणलं की डोक्याचा निर्देशांक मिळतो, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या जाती कधी कधी तिथे वेगळ्या पडतात.

वंशापर्यंत बोल्टन यांच्या १९९४ च्या ओळख-किल्लीने (अशाच प्रश्नांची साखळी) जाता येतं. जातीपर्यंत जायला भारतात अजूनही बिंगहॅम यांचा १९०३ चा खंड उघडावा लागतो. बरीच नावं बदलली आहेत, पण वर्णनं बारकाईची आहेत. आपल्या भागातल्या मुंग्यांची सुरुवातीची मोठी जमवाजमव केली ती मुंबई इलाख्यातल्या वनखात्याचे अधिकारी रॉटन यांनी. ते नमुने स्वित्झर्लंडला ऑगस्त फॉरेल यांच्याकडे पाठवत आणि फॉरेल त्यांची वर्णनं मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात छापत. एका लहान मुंगीच्या नावात रॉटन अजून आहेत : कार्डिओकॉन्डायला रॉटोनी.

२०१६ च्या सूचीप्रमाणे भारतात ८२८ जाती-उपजाती आणि १०० वंश आहेत. त्यातल्या २५६ भारताबाहेर कुठे सापडलेल्या नाहीत. जगभरात वर्णन झालेल्या जाती चौदा हजारांहून जास्त. २०२२ मधल्या अंदाजाने पृथ्वीवरच्या एकूण मुंग्या दोनावर सोळा शून्यं एवढ्या. अशा वेळी कित्येक ढिगाऱ्यांवर "फायडोले ३" एवढंच लिहून थांबावं लागतं. ओढूनताणून नाव लावण्यापेक्षा क्रमांक प्रामाणिक. नमुना जपलेला असेल तर पुढच्या कुणाला तरी त्याला नाव देता येईल.

१९ डिसेंबर

तक्ते. मुंग्यांची डोकी मोजून तुलना करत नाहीत. एखादा पेला फायडोलेच्या वाटेवरच पुरला गेला तर त्यात शेकडो येतात, आणि त्यातून फक्त वाट जवळ होती एवढंच कळतं. म्हणून जात किती बिंदूंवर आली ते मोजायचं. त्यावरून नमुने वाढतील तसतशा नवीन जाती किती येतात याची रेघ काढायची. माळाच्या सापळ्यांची रेघ आडवी होत आली आहे. राईच्या विंकलरची अजून चढते आहे. तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन चाओ यांचं सूत्र इथे उपयोगी पडतं : फक्त एकाच नमुन्यात सापडलेल्या जाती किती आणि दोनच नमुन्यांत सापडलेल्या किती, यावरून अजून न सापडलेल्या किती असतील याचा किमान अंदाज. राईत एकदाच सापडलेल्यांची यादी लांब आहे. काम संपलेलं नाही एवढा त्याचा अर्थ.

एक गोष्ट काळजीची. देवळासमोर फरसबंदी केलेल्या भागाजवळच्या बिंदूवर सोलेनोप्सिस जेमिनाटा आली. ही मूळची अमेरिका खंडातली, माणसाबरोबर जगभर पसरलेली आग्या मुंगी. तिला उघडी, तापलेली, विस्कटलेली जमीन आवडते. राईच्या आतल्या बिंदूंवर ती नाही.

११ जानेवारी २०२५

गावात जाऊन सगळं दाखवलं. सुईवरच्या मुंग्या, मोठे केलेले फोटो, जातींची मराठीतली यादी. स्ट्रुमिजेनिसचा फोटो हातोहात फिरला. सप्टेंबरातल्या आजी सगळ्यात जास्त वेळ बघत होत्या. त्यांनी विचारलं, "ही आमच्याच रायीतली?" हो म्हटल्यावर त्यांनी शेजारच्या पोराला बोलावून दाखवली.

मग फरसबंदीचं बोलणं निघालं. ती राईच्या आत पायवाटेपर्यंत वाढवायचा विचार आहे, पावसात चिखल होतो म्हणून. मी स्पष्ट सांगितलं की माझ्या मते वाढवू नये, आणि आग्या मुंगीचा बिंदू नकाशावर दाखवला. सरपंच म्हणाल्या, म्हातारी माणसं घसरतात त्याचं काय? तेही खरं आहे. वाटेवर सुट्या दगडी फरशा टाकून मधल्या फटी मातीच्या ठेवायच्या आणि झाडू ओट्यापुरता, असं बोलणं झालं. ठराव अजून व्हायचा आहे.

पुढचं काम. मेमध्ये पुन्हा विंकलर, कारण तेव्हा पानगळ होऊन पाचोळा सगळ्यात जाड असतो आणि मुंग्या ओलीसाठी खालच्या थरात गेलेल्या असतात. तेव्हा थोडी मातीही चाळावी लागेल. वाटणी नमुन्यांची : एक संच कॉलेजात, एक राष्ट्रीय संग्रहात. आणि जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर पंखवाल्या राण्या आणि नर उडतात ती संध्याकाळ गाठायची. बऱ्याच जातींचे नर अजून कुणी नीट वर्णन केलेले नाहीत, आणि ते वर्षातून थोडेच तास बाहेर दिसतात. पुण्याहून निघून पोचेपर्यंत ते तास निघून जातात. गुरवबाबांनी फोन करायचं कबूल केलं आहे. पाऊस येणार असला की रायीतली जमीन आदल्या दिवशी कशी वागते ते त्यांना माहीत आहे. कुप्या आणि लेबलं त्यांच्याकडे ठेवून आलो, पेन्सिलही.